कोविडमध्ये जुन्या औषधांची कोणती जोडी खरंच चालली: एचसीक्यू (मलेरियावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) आणि ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, एचआयव्हीवरची लोपिनाविर-रिटोनाविर, की स्टेरॉइड-टोसिलिझुमॅब?

तिसरी, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचं, शरीरातला दाह आवरणारं औषध. पहिल्या दोन जोड्यांनी दाखल रुग्णांचे मृत्यू कमी झाले नाहीत. आधार मुख्यतः ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा. तिथे कोणाला कोणतं औषध हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं, त्यामुळे तुलना विश्वासार्ह. लोपिनाविर-रिटोनाविर घेतलेल्यांत २८ दिवसांत २३ टक्के मृत्यू, न घेतलेल्यांत २२. म्हणजे फरक नाहीच. एचसीक्यू-ॲझिथ्रोमायसिनची जोडी ब्राझीलमधल्या चाचणीत सौम्य-मध्यम रुग्णांवर निष्प्रभ ठरली, वर दोन्ही औषधं ईसीजीतला क्यूटी कालावधी (ठोक्यासाठी हृदयाची विद्युतक्रिया सुरू होऊन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबवतात, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका. (एवढा गाजावाजा कशासाठी झाला, देव जाणे.) टोसिलिझुमॅबच्या गटात मात्र मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले. हे रुग्ण ऑक्सिजन खालावलेले आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) ७५ किंवा जास्त असलेले होते, आणि त्यातले बहुतेक आधीच स्टेरॉइडवर होते. बॅरिसिटिनिब या संधिवातावरच्याच दुसऱ्या औषधानेही पुढे असाच उपयोग दाखवला.

एक अट मात्र पक्की: स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, याने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काहीच लाभ दिसला नाही, तोट्याची शंका मात्र राहिली. तेव्हा घरी ताप-खोकला आहे म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइड आणून घेऊ नका.