सरकारी कामं ऑनलाइन झाल्याने भ्रष्टाचार खरंच कमी होतो का, की नुसती पोर्टलं वाढतात?

तुम्ही विचारलंय की इतकी पोर्टलं आणि ॲप आली, तरी कार्यालयातले हेलपाटे का संपत नाहीत आणि हा सगळा खर्च वाया जातोय का. मी महसूल खात्यात तलाठी होतो, आता निवृत्त आहे. सगळ्या खात्यांबद्दल मला बोलता येणार नाही, पण सातबाऱ्याबद्दल येईल. हाताने लिहिलेलं दप्तर आणि ई-फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल संगणकावर नोंदवायची प्रणाली, दोन्हींवर मी काम केलंय.

भ्रष्टाचार कमी होतो, पण लोक समजतात त्या जागी नाही.

लोक कौतुक करतात ते उतारा मोबाइलवर मिळतो याचं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला; पुढे त्याला पंधरा रुपये शुल्क लागलं. पूर्वी त्याच कागदासाठी तलाठी आज सजातल्या, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या गावांपैकी, कुठल्या गावी आहे हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागायची. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण उतारा ही शेवटी नक्कल. अडवणूक व्हायची ती फेरफाराच्या वेळी. वारसाचं नाव लागणं, खरेदीची नोंद होणं, सोसायटीच्या कर्जाचा बोजा उतरणं, हे सगळं आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या रजिस्टरमध्ये येतं आणि मंजूर झाल्यावरच सातबाऱ्यावर चढतं. ते रजिस्टर कपाटात बंद असायचं. अर्ज दिला तरी नोंद धरली की नाही, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. कोणाची नोंद आधी धरायची, कोणाची पडून ठेवायची, हे एकाच माणसाच्या हातात होतं. मध्ये रिकामी जागा सोडून मागच्या तारखेची नोंद घुसवण्याचे प्रकारही व्हायचे.

ई-फेरफारने हे बदललं. फेरफाराचा क्रमांक संगणक देतो आणि कोणी कधी काय केलं हे मागे राहतं. खरेदीखताची खबर दुय्यम निबंधकाने महसूल खात्याला द्यायची, हे जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ मध्ये आधीपासूनच होतं, पण कागद वाटेत कुठेतरी पडून राहायचा. आता दस्त नोंदला की ती माहिती थेट तलाठ्याच्या लॉगिनला येते. नोटीस निघाली, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत चालू आहे, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, हे ‘आपली चावडी’ या पानावर कोणालाही बघता येतं. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या भावाला गावातल्या जमिनीवर कोणती नोंद पडतेय हे तिथून कळतं. मला विचाराल तर पंधरा रुपयांच्या उताऱ्यापेक्षा हे एक पान जास्त मोलाचं आहे.

कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात ही गोष्ट आपल्या आधी ओळखली होती. तिथे फेरफार आलेल्या क्रमानेच निकाली काढायचे, असं बंधन प्रणालीतच घातलं आणि हस्तलिखित उतारे बाद केले. जोवर जुनं रजिस्टर समांतर चालू असतं तोवर संगणकावरची नोंद शोभेचीच राहते. आपल्याकडेही हस्तलिखित सातबारा बंद झाला तेव्हाच ई-फेरफारला अर्थ आला.

पण या सगळ्यात जे काम खरं कठीण होतं त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ते म्हणजे जुना मजकूर शुद्ध करणं. जुन्या सातबाऱ्यावर खातेदाराचा हिस्सा कुठे आणेवारीत (रुपयातले आणे या हिशोबाने), कुठे क्षेत्रात, कुठे नुसतीच नावं एकाखाली एक. टंकताना बहिणींची नावं गळली, आकडे फिरले, खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळेना. चुकलेला उतारा संगणकातून छापून आला की लोकांना तो बरोबरच वाटतो, म्हणून ही चूक जास्त घातक. २०१७ मध्ये चावडी वाचन झालं, म्हणजे संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी चुका सांगायच्या. कोणत्याही सॉफ्टवेअरने पकडली नसती अशी चूक गावातली म्हातारी माणसं बसल्या जागी सांगायची. त्यानंतर ‘री-एडिट’, म्हणजे संगणकातला मजकूर पुन्हा दुरुस्त करण्याचं काम चाललं. सरकारी संगणकीकरणात पैसा यंत्रांवर ओतला जातो आणि या कामाला माणसं आणि दिवस कमी दिले जातात, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता जे साधलं नाही ते. काही सजांत तलाठ्याच्या डिजिटल सहीचं डोंगल (संगणकाला लावायची छोटी किल्ली) खासगी मदतनिसाच्या हातात असतं. लोक त्याला झिरो तलाठी म्हणतात. डोंगल त्याच्याकडे असेल तर नोंदीमागे नेमकं कोण, हे प्रणालीलाही सांगता येत नाही. दुसरं, कलम १५५. ते लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातल्या चुका, दुरुस्त करण्यासाठी आहे. त्याच्या आडून हक्कच बदलले जाऊ शकतात, म्हणून त्याखालचा प्रत्येक आदेश कारणासह लोकांना बघायला मिळाला पाहिजे. तिसरं म्हणजे नकाशा. सातबारा फुटतो, पोटहिस्से पडतात, पण जागेवरची हद्द आणि नकाशा मागेच राहतो, आणि बांधावरची भांडणं तशीच चालू राहतात.

१५ ऑगस्ट २०२१ ला आलेली ई-पीक पाहणी मला दिशा म्हणून पटते. पीक कोणतं हे तलाठ्याने कार्यालयात बसून लिहिण्यापेक्षा शेतकऱ्याने शेतात उभं राहून फोटोसह नोंदवावं, हे रास्तच आहे. मात्र ज्याच्याकडे साधा फोन आहे किंवा शिवारात रेंज नाही, त्याची नोंद राहिली तर विम्याचं आणि खरेदी केंद्राचं नुकसान त्यालाच सोसावं लागतं.

तुमचं स्वतःचं काम अडलं असेल तर वारस नोंदीचा किंवा बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून करा, म्हणजे तारीख आणि अर्ज क्रमांक तुमच्या हातात राहील. मग ‘आपली चावडी’वर फेरफार दिसतो का ते बघा. नोंद नामंजूर झाली तर आदेशाची नक्कल कारणासह मागा आणि साठ दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. तोंडी उत्तरावर परत जाऊ नका.