यूकेला जायचंय? आधी एक मिनिट श्वास मोजायला शीक

तू लिहिलंयस की तू खानापूरची, मराठी शाळेतून शिकलेली, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून बेळगावात दोन वर्षं मेडिसिन वॉर्डात काम करतेस. एजंट तीन लाख मागतोय. जीएनएमवर यूकेत नर्स होता येतं का, की आधी पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची बीएस्सी करू, आणि तयारी कुठून सुरू करू, असं तू विचारलंस. मीही जीएनएमच, २०२२ मध्ये बेळगावातूनच इकडे आले, म्हणून सविस्तर लिहिते.

जीएनएमवर येता येतं. कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू असलं की इकडच्या एनएमसीकडे, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलकडे, अर्ज करता येतो. फक्त यूकेसाठी पोस्ट बेसिकची दोन वर्षं घालवू नकोस. आणि ते तीन लाख देऊ नकोस. नोकरी लावून देण्याबद्दल नर्सकडून पैसे घ्यायला इकडच्या भरतीच्या आचारसंहितेत मनाई आहे. परीक्षेची आणि अर्जाची फी वेगळी, ती तू थेट भरतेस. 'आधी केअर वर्कर म्हणून जा, मग नर्स हो' असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांब. बाहेरच्या देशातून नव्याने येणाऱ्यांसाठी तो रस्ता जुलै २०२५ मध्ये बंद झालाय. नर्सच्या जागाही मी आले तेव्हाइतक्या आता निघत नाहीत. तेव्हा घाईने राजीनामा देऊ नकोस.

कागदपत्रं आत्ताच एका फाइलीत लाव. आपल्याकडे एक भानगड हमखास होते: १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे जन्मदाखल्यावर एक नाव आणि नंतरच्या कागदांवर दुसरं. त्यात आडनावाचं स्पेलिंग एकीकडे मराठी उच्चाराचं, दुसरीकडे कन्नड. पासपोर्ट, मार्कशीट आणि कौन्सिलचं सर्टिफिकेट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ.

इंग्रजीसाठी ओईटी, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा दे, असं माझं ठाम मत आहे. आयएल्ट्स या सर्वसाधारण इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला साडेसहा आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. लेखनात कुठल्याही विषयावर निबंध येतो. ओईटीत लेखनाला सी प्लस आणि बाकीच्यांत बी लागतं, आणि तिथे केस नोट्स वाचून साधारण दोनशे शब्दांचं पत्र लिहायचं असतं: हा पेशंट कोण, काय झालं, पुढे काय काळजी घ्यायची. मराठी माध्यमातल्या मुलीला ते जमतं, कारण रोज ड्युटी बदलताना हँडओव्हर देतेस तेच तर आहे.

मग सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा. त्यात औषधांच्या हिशोबाचे १५ आणि नर्सिंगचे १०० प्रश्न. शेवटी इकडे येऊन ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, दहा स्टेशनं. मी दिली तेव्हा तिची फी ७९४ पौंड होती. माझ्या हॉस्पिटलने भरली. पास होऊन पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळेपर्यंत खालच्या बँडवर, म्हणजे पगाराच्या खालच्या श्रेणीत, काम करावं लागतं, मग बँड ५.

आता जे मला खरं सांगायचंय ते. बेळगावात मी नवीन लागले तेव्हाची गोष्ट. नाइटला पस्तीस पेशंट, आम्ही दोघी. भिंतीकडच्या बेडवर खानापूरकडचे एक आजोबा होते. दहाच्या राउंडला म्हणाले, "बाई, दम लागालाय." मी उशी वर करून दिली. चार्टवर आदल्या तिन्ही वेळा श्वास मिनिटाला १८ लिहिलेला होता, मीही न मोजता १८ लिहिला. दोनलाही १८. पहाटे सीनियर सिस्टरनी घड्याळ धरून मोजला, तो ३२ भरला. आयसीयूत नेलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. आधी मोजला असता तर वाचले असते का, ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी कागदावर खोटा आकडा लिहिला, एवढं मला ठाऊक आहे.

इकडे आल्यावर पहिल्या आठवड्यात न्यूज टूचा, म्हणजे पेशंट बिघडतोय का ते गुण देऊन ओळखायचा, तक्ता हातात दिला. श्वास, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, अशा सात गोष्टींना गुण. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला दोन, २५ किंवा वर गेला की तीन. एकूण पाच झाले की डॉक्टरला तातडीने बोलवायचं, सात झाले की इमर्जन्सी. समज, श्वास २६ आणि नाडी ११२: श्वासाचे तीन अधिक नाडीचे दोन, तिथेच पाच. बीपी, ताप सगळं नॉर्मल असलं तरी फोन करायचा, आणि नवी नर्स असली तरी तिने केलेला फोन ऐकला जातो. तो तक्ता बघून मला ते आजोबा आठवले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

हे शिकायला विमानात बसावं लागत नाही. आज नाइट असेल तर आजच सुरू कर. नाडी धरल्यासारखा हात मनगटावर ठेव आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोज. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. जे येईल तेच लिही, वेळेसकट. डॉक्टरांना फोन करताना नुसतं 'पेशंट बरा नाही' म्हणू नकोस, आकडे सांग.

दुसरं म्हणजे अंगाची काळजी. आपल्याकडे पुसून घेणं, भरवणं, कूस बदलणं हे सोबतच्या नातेवाइकांवर सोडलेलं असतं. इकडे ते सगळं आपण करतो. कूस बदलताना माकडहाड, टाचा आणि खुबे बघायची सवय लाव. दाबल्यावरही लाली जात नसेल तर बेडसोअरची सुरुवात झाली.

आणि तुझी भाषा कमी आहे असं समजू नकोस. बेळगावात चंदगड, सावंतवाडी, गोव्याकडून पेशंट येतात, शेजारच्या बेडवर बैलहोंगलची आजी "दम हत्तेतरी" म्हणते, म्हणजे कन्नडमध्ये तेच, दम लागलाय. तू दोघांचंही ऐकून इंग्रजीत चार्ट लिहितेस. माणूस काय सांगतोय ते त्याच्या बोलीत ओळखणं ओएससीईच्या पहिल्याच स्टेशनवर लागतं. आणि त्या परीक्षेत नाव, जन्मतारीख आणि अॅलर्जी विचारल्याशिवाय औषधाला हात लावू नकोस, एवढं अंगवळणी पाड.

ओईटीचं पहिलं पत्र लिहून झालं की मला पाठव, मी तपासून देते. आणि एजंटने सहीसाठी दिलेला कागद सही न करता, फोटो काढून आधी मला दाखव.