केसांना फाटे, पत्रालाही

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवाचा तुझा मेसेज तीनदा वाचला. “बाबा, आजी म्हणते शाम्पू बंद कर, शिकेकाईच्या पाण्याने न्हा, केसांचे फाटे जातील. पण आपण स्लाउच्या घरी तेच केलं होतं तेव्हा माझ्या केसांचा खराटा झाला होता. इथे ग्लासगोत मी काहीच करत नाही तरी केस मऊ लागतात. मग शिकेकाईत खरंच काही आहे, की ते नुसतं आपलं मराठी कौतुक?”

याला मेसेजवर उत्तर देणं मला जमणार नाही. तुझ्या आईने तर हातच झटकले. म्हणाली, न्हाणीघरातला बंब तुम्ही पेटवत होतात, तुम्हीच लिहा.

आधी वाईट बातमी. फुटलेला फाटा जुळत नाही. शिकेकाईने नाही, तेलाने नाही, त्या वीस पौंडांच्या बाटलीनेही नाही. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याला जखम भरून काढता येत नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. तुझी वेणी साठ सेंटिमीटर तरी असेल, म्हणजे तिचं टोक तू नववीत होतीस तेव्हाचं आहे. त्या टोकाने चार वर्षांचे कंगवे, टॉवेल, उशा आणि ते गरम चिमट्याचं यंत्र सोसलंय. दोन-तीन महिन्यांनी टोकं थोडी कापायची, त्याला इलाज नाही. आजीसुद्धा आत्यांच्या वेण्यांची टोकं कापायचीच, फक्त ते ती फोनवर सांगत नाही.

मग न्हाण्याच्या पाण्याने होतं काय? नवे फाटे कमी फुटतात. केसावर बारीक खवले असतात, आपल्या गुहागरच्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले. कौलं नीट बसलेली असली की केस केसावरून सरकतो. उचकटली की एकमेकांत अडकतात, गुंता होतो, आपण कंगवा ओढतो, आणि टोक चिरतं. किंचित आंबट पाण्यात हे खवले खाली बसतात, साबणासारख्या अल्कधर्मी वस्तूने उभे राहतात. शिकेकाईच्या शेंगेत फेस करणारी द्रव्यं आहेत, सॅपोनिन म्हणतात त्यांना, आणि तिचा काढा किंचित आंबटही असतो. म्हणजे मळ निघतो आणि कौलं जागच्या जागी राहतात. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण साबणाने केस ‘चरचरीत’ होतात एवढं ठाऊक होतं.

आता स्लाउचा खराटा. आपली किटली आठव. तळाशी पांढरा थर, महिन्याकाठी मी त्यात व्हिनेगर ओतायचो आणि ते फसफसायला लागलं की तू बघायला यायचीस. लंडनच्या आसपासचं पाणी खडूच्या थरांतून झिरपून येतं, त्यात चुना विरघळलेला असतो. शाळेत आम्ही त्याला दुष्फेन पाणी म्हणायचो. तुझी लातूरची मावशी सरळ म्हणते, “बोअरचं पाणी, डाळ शिजत नाही आणि केस विंचरवत नाहीत.” किटलीत व्हिनेगरचं जे झालं तेच आपल्या काढ्याचं झालं. त्यातली जी काय थोडी आंबटाई होती ती चुन्याशी भांडण्यातच संपली. वर मी त्याच पाण्याचे आठ तांबे तुझ्या डोक्यावर ओतले. केसावर चुन्याची पुटं बसली, आणि नाव खराब झालं शिकेकाईचं.

गुहागरची विहीर जांभ्यात खणलेली. त्या पाण्यात चुना नावालाच. अंगाला लावलेला साबण सुटता सुटत नाही, डाळ दोन शिट्ट्यांत मेण होते. आजीच्या कृतीत निम्मी शिकेकाई आणि निम्मी ती विहीर आहे. ती विहीर तिने कधी सांगितली नाही, कारण ती तिथे होतीच. तू आता जिथे आहेस तिथलं पाणी लॉक कॅट्रिन या डोंगरातल्या तळ्यातून येतं. १८५९ साली राणी व्हिक्टोरियाने ती योजना सुरू केली. अगदी मृदू पाणी आहे ते. म्हणजे आजीची कृती इतक्या वर्षांनी आपल्या घरात पहिल्यांदा जिथे नीट चालावी अशा गावी तू राहतेस, आणि तूच विचारतेस की त्यात काही आहे का!

(स्लाउच्या प्रयोगात माझी आणखी एक चूक होती. पुडीचा काढा न गाळता तसाच डोक्यावर थापला. शिकेकाईची पूड केसातून चार दिवस निघत नाही. टबाचं भोक तुंबलं आणि घरमालकाशी बोलताना मला ‘ही माती नाही, शेंग आहे’ हे इंग्रजीत समजावता येईना.)

आमच्याकडे आंघोळ रोजची आणि न्हाणं आठवड्याचं. रविवारी सकाळी मी तांब्याचा बंब पेटवायचो, आत नारळाची सोडणं सारत बसायचो. तुझ्या तिन्ही आत्या रात्रीच खोबरेल थापून, पदराचं जुनं फडकं डोक्याला बांधून झोपलेल्या असायच्या. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो आणि कमी झिजतो. आजी एकेकीला पाटावर बसवायची. “डोळे मीट. मिटलेस? घट्ट मीट.” तरी थेंब जायचाच, आणि मग सगळ्या आळीला कळायचं की आज न्हाणं आहे. शिकेकाई डोळ्यांत फार झोंबते, रिठा त्याहून जास्त. तेवढं लक्षात ठेव, होस्टेलात बोंब मारू नकोस.

आजी शेंगा घरी कुटायची. पुण्याला आल्यावर मात्र ते काम गिरणीत गेलं. ‘शिकेकाई दळून मिळेल’ अशी पाटी असलेली गिरणी शोधावी लागायची, कारण इतर गिरणीवाले घ्यायचे नाहीत. शिंकून शिंकून माणूस हैराण होतो.

तर कृती. रात्री लिटरभर पाण्यात शिकेकाईच्या सहा-सात शेंगा, मूठभर आवळकाठी, चमचाभर मेथी आणि रिठे भिजत घाल. रिठ्यांच्या बिया काढायच्या. आजी चार रिठे घालते, तू दोनच घाल. रिठा मळ फार ओढून काढतो, फुटक्या केसांना तो कोरडा पडतो. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळ. पूर्ण निवू दे. मग हातानेच कुस्कर, बोटांना बुळबुळीत लागेल, आणि दुहेरी सुती फडक्यातून गाळ. गाळायला कंटाळू नकोस, टबाचं भोक आठव. डोक्यावर घालून बोटांनी चोळ. शाम्पूसारखा फेस येत नाही, आला नाही म्हणून आणखी ओतत बसू नकोस. उरलेलं फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं, पुढे वास मारतं.

भांडं स्टीलचं घे. आवळा लोखंडात उकळला की काळाकुट्ट होतो. आजी ते मुद्दाम करायची, पिकलेल्या केसांसाठी. तुला अजून त्याची गरज नाही आणि होस्टेलच्या बेसिनला तर नाहीच नाही.

आणि हो, आजी फोनवर जे सांगायला विसरली ते म्हणजे ‘शेवटचं पाणी’. खरा मऊपणा तिथे होता. अंगणातल्या जास्वंदीची वीस-पंचवीस पानं ती कोमट पाण्यात चुरगळायची. पाणी हिरवं आणि शेंबडासारखं चिकट व्हायचं. आत्या नाकं मुरडायच्या, पण ते ओतल्यावर कंगवा अडत नसे. तो बुळबुळीतपणा केसावर पातळ थर धरतो, केस केसाला घासत नाही. तुमचं कंडिशनर हेच करतं. ग्लासगोत जास्वंद कुठून आणणार, म्हणून जवस आण. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात, अंड्याच्या पांढऱ्यासारखं होईपर्यंत उकळायचं आणि गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते गाळणीतून हलत नाही. त्यात दुप्पट पाणी घालून नुसत्या टोकांना लाव, दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धू.

सुट्टीत इकडे स्लाउला आलीस की मात्र वेगळं करावं लागेल. इथे शेवटच्या तांब्यात सफरचंदाच्या व्हिनेगरचा एक मोठा चमचा, अर्ध्या लिटर पाण्याला. आपल्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई हेच करतात, रोझमेरीच्या काड्या उकळून त्यात व्हिनेगर. त्यांच्या आजीचं आहे म्हणे. कुंपणावरून त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा पाण्याचा उलगडा झाला. इथल्या आज्यांनी इथल्या पाण्याचा इलाज काढलेला होता, आणि मी गुहागरचा घेऊन बसलो होतो.

फाटे फोडायची सवय माझीच, तरी एक सांगतो. तू ज्याला इंग्रजी म्हणतेस तो ‘शाम्पू’ शब्द आपल्याकडच्या ‘चंपी’चाच भाऊबंद. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने ब्रायटनला वाफेची स्नानगृहं काढली, अंग रगडून द्यायचा, आणि चौथ्या जॉर्ज राजाचा ‘शाम्पूइंग सर्जन’ झाला. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ मालिश होता, केसांचा संबंध मागाहून आला. त्यामुळे आजीशी भांडताना ‘शाम्पू त्यांचा, शिकेकाई आपली’ असली बाजू घेऊ नकोस, हरशील.

ओले केस टॉवेलने घासू नकोस, दाबून टिप. गुंता टोकाकडून सोडवत वर जा, मुळाकडून खाली नाही. आणि तो गरम चिमटा दिवाळीपर्यंत मला पाठवून दे, ही विनंती आहे असं समज.

पार्सल उद्या टाकतोय. शेंगा, आवळकाठी, रिठे कॉफीच्या बरणीत आहेत, दुसरी बरणी नव्हती. वर मोठ्या अक्षरांत ‘कॉफी नाही’ लिहिलंय, पण मराठीत. तुझ्या त्या स्कॉटिश मैत्रिणीला आधी सांगून ठेव.

तुझा,
बाबा