इंडेक्स असूनही नवी बॅच भरल्यावर पोस्टग्रेसमधील क्वेरी तासभर का अडकते?

तुम्ही विचारले आहे की पोस्टग्रेस या डेटाबेसमधील सुमारे ५ कोटी ओळींच्या टेबलात दर महिन्याला ३० लाख ओळींची नवी बॅच भरली की त्या बॅचचा अहवाल काढणारी क्वेरी काही सेकंदांऐवजी तासभर चालते, आणि बॅच क्रमांकावर इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याची सूची) असूनही, वर्क मेम (सॉर्ट आणि हॅशसाठीची मेमरीची मर्यादा) वाढवूनही फरक पडत नाही. या वर्णनावरून माझा पहिला संशय टेबलाच्या स्टॅटिस्टिक्सवर, म्हणजे प्लॅनर (क्वेरी कोणत्या पद्धतीने चालवायची हे ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) ज्यावरून अंदाज बांधतो त्या आकडेवारीवर आहे.

ही आकडेवारी ऑटोव्हॅक्यूम ही पार्श्वभूमीला चालणारी प्रक्रिया आपोआप ताजी करते, पण मूळ सेटिंगनुसार ५० अधिक टेबलातील १० टक्के ओळी बदलल्यानंतरच. तुमच्या टेबलासाठी ही मर्यादा ५० लाखांच्या वर जाते, त्यामुळे ३० लाखांची भरणी तिच्या आतच राहते. नवा बॅच क्रमांक जुन्या आकडेवारीत कुठेच नसल्यामुळे प्लॅनर त्या बॅचमध्ये जेमतेम एक ओळ असेल असे धरतो, एका ओळीसाठी नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीमागे दुसऱ्या टेबलात शोध घेण्याची जोडणीची, म्हणजे जॉइनची, पद्धत) स्वस्त ठरवतो, आणि प्रत्यक्षात तो लूप ३० लाख वेळा फिरतो. म्हणजे इंडेक्स वापरला जात असूनही क्वेरी अडकते, आणि मेमरी वाढवून त्यात काहीच सुधारत नाही.

खात्री करण्यासाठी तासभर थांबण्याची गरज नाही. नुसते एक्सप्लेन क्वेरी न चालवता प्लॅन दाखवते, आणि त्या बॅचच्या ओळींचा अंदाज तिथे १ दिसला तर निदान झालेच. मग त्या टेबलावर अ‍ॅनालाइझ चालवा, जे संपूर्ण टेबल न वाचता नमुन्यावरून आकडेवारी काढते, आणि एक्सप्लेन पुन्हा पाहा. अंदाज सुधारला की क्वेरी प्रत्यक्ष चालवणाऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझने अंदाजित आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी ठेवून तपासा. तेथील प्रत्यक्ष ओळींचा आकडा प्रत्येक फेरीची सरासरी असतो, म्हणून त्याला फेऱ्यांच्या संख्येने गुणावे लागते. हे विसरल्यामुळे मी स्वतः एकदा दोन दिवस चुकीच्या जॉइनमागे घालवले आहेत.

कायमचा उपाय म्हणून भरणीच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी अ‍ॅनालाइझ घालणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण अहवाल लगेच सुरू होत असेल तर ऑटोव्हॅक्यूमची वाट पाहण्यात अर्थ नाही.

एवढे करूनही अंदाज चुकत राहिला, तर अटींमधील स्तंभ एकमेकांवर अवलंबून आहेत का ते पाहा. देश आणि राज्य अशा दोन अटी प्लॅनर स्वतंत्र समजून त्यांची प्रमाणे गुणतो: प्रत्येकी शंभरात एक ओळ असेल तर दहा हजारांत एक ओळ धरतो, जरी राज्यावरून देश ठरतच असला तरी. त्यासाठी पोस्टग्रेसच्या आवृत्ती १० पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही स्तंभांमधील अशा संबंधांची आकडेवारी ठेवण्याची सोय आहे. ती वापरल्यावर त्या टेबलावर पुन्हा अ‍ॅनालाइझ चालवावे लागते. वर्क मेमची वाढवलेली मर्यादा मात्र आता मागे घ्या, कारण ती मर्यादा प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला स्वतंत्रपणे लागू होते, आणि एकाच वेळी अनेक अहवाल चालले तर सर्व्हरची मेमरी संपू शकते.