मैत्रिणीची पाळी चुकलीय, मी काय करू?

ताई, कर्वेनगरला आम्ही दोघी एका खोलीत राहतो. मैत्रीण 22 वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही. पाळी दहा दिवस पुढे गेली आणि कार्डवर दोन रेघा आल्या. तिला हे नकोय. तिचा मित्र म्हणतो, ‘किट आणून देतो, दोन दिवसांत मोकळी होशील.’ घरी साताऱ्याला कळता कामा नये. मी काय करू?

आधी कॅलेंडर काढा. पाळी दहा दिवस चुकली म्हणजे गर्भ दहा दिवसांचा, असा हिशेब नसतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तिचं चक्र 28 दिवसांचं असेल तर आज 38 दिवस, म्हणजे साधारण साडेपाच आठवडे झाले. गोळ्यांनी गर्भपात आपल्याकडे 9 आठवड्यांपर्यंत करता येतो. त्यामुळे आज रात्रीच धावपळ नको, पण ‘सबमिशन झाल्यावर बघू’ हेही नको.

मित्राने आणलेलं किट घेऊ नका. किटमध्ये मिफेप्रिस्टोनची 200 मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. गोळ्यांचा दोष नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या बहुतेकींना लागू पडतात. धोका आहे तो गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत असण्याचा. तिथे या गोळ्या चालत नाहीत. थोडं अंगावरून जातं, मुलीला वाटतं झालं, आणि पुढे नळी फुटते. म्हणून आधी सोनोग्राफी. इतक्या लवकर कधीकधी काहीच दिसत नाही. मग रक्ताची बीटा एचसीजी (गर्भामुळे वाढणाऱ्या हार्मोनची) तपासणी करतात किंवा आठवड्याने परत बोलावतात. घाबरू नका. हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासून घ्या. गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं (ते पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात) डॉक्टर ठरवतील. कॉपर-टी बसवलेली असेल, रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर ते न विचारता सांगायचं.

पोरी अडखळतात त्या कागदांवर. ती 18 वर्षांची पूर्ण आहे, त्यामुळे संमतीपत्रावर फक्त तिची सही लागते. आईवडील, नवरा, मित्र, कुणाचीच नाही. 2021 च्या दुरुस्तीपासून गर्भपाताच्या कायद्यात ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ऐवजी ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द आले, म्हणजे गर्भनिरोधक फसलं हे कारण अविवाहित मुलीलाही देता येतं. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. तिचं नाव अनधिकृत माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सोनोग्राफीचा ‘एफ’ फॉर्म भरताना नवऱ्याचं नाव विचारतील. तिथे वडिलांचं किंवा आईचं चालतं. हा फॉर्म गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी असतो, घरी कळवण्यासाठी नव्हे. खासगी दवाखान्यात गर्भपाताच्या मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का बघा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही, मात्र रांगेसाठी अख्खी सकाळ मोकळी ठेवा.

आता तुझं काम. दोन गोळ्यांमध्ये 24 ते 48 तासांचं अंतर असतं. डॉक्टरांशी बोलून पहिली गोळी गुरुवारी संध्याकाळी आणि पुढच्या चार शनिवारी सकाळी बसवा, म्हणजे तू दिवसभर घरी असशील. त्या चार गोळ्या बहुधा गालांत दोन-दोन धरून अर्धा तास ठेवायला सांगतात, मग उरलेलं पाण्याबरोबर गिळायचं. काही तासांत पोटात जोरात कळा येतात, गाठी पडतात, थंडी वाजते, जुलाब होतात. हे अपेक्षितच असतं. वेदनेसाठी पॅरासिटामॉलपेक्षा आयबुप्रोफेन जास्त उपयोगी पडतं. डोस चिठ्ठीवर लिहून घ्या आणि पोटात काही असताना द्या. पॅड मोठे आणा, कप नको, कारण रक्त किती जातंय ते मोजायचंय. सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, चक्कर येऊन पडली, एका बाजूला असह्य दुखलं, किंवा चोवीस तासांनंतरही ताप 100.4 च्या वर राहिला, तर सकाळची वाट बघू नका. 108 लावा. उलट चोवीस तासांत काहीच गेलं नाही तरी डॉक्टरांना फोन करा.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. बरं वाटतंय म्हणून बऱ्याच जणी ती टाळतात. तसं करू नका. काहींचा गर्भ पूर्ण पडत नाही आणि पिशवी साफ करावी लागते. (त्याला सगळे ‘क्युरेटिंग’ म्हणतात, व्हॅक्यूमने करणार का, हे विचारा. ते जास्त सुरक्षित.) गर्भ वाढत राहिला तर मिसोप्रोस्टॉलमुळे त्यात व्यंग येऊ शकतं. कार्ड टेस्टवर विसंबू नका, ती तीन-चार आठवडे ‘हो’च दाखवू शकते. आणि पुढची पाळी येण्याआधीच, आठ-दहा दिवसांतसुद्धा, पुन्हा दिवस जाऊ शकतात. गर्भनिरोधकाचं त्याच भेटीत ठरवा.

माझ्या मनाला गर्भपात पटत नाही, पण जिवलग मैत्रिणीने सोबत बोलावलंय. जाऊ का?

तोंड बंद ठेवता येणार असेल तर जा. नसेल तर आजच तिला सांग, म्हणजे ती दुसरी कुणी बघेल. दवाखान्याच्या बाकावर बसून ‘एकदा परत विचार कर’ म्हणणारी सोबत नसलेलीच बरी. तिने निर्णय बदलला तर तो तिचा. तुझ्या चेहऱ्याकडे बघून बदलायला लागू नये. मधला मार्गही आहे: आत दुसरी जाईल, तू संध्याकाळी मऊ भात घेऊन जा.

मी 28 वर्षांची, कोथरूडला राहते, लग्न झालंय. आम्हाला मूल नकोच आहे. ऑपरेशनसाठी गेले तर परत पाठवलं. मैत्रिणी म्हणतात, ‘पस्तावशील.’

शकुंतला परांजप्यांनी या शहरात संततिनियमनाचं काम केलं त्याला कित्येक दशकं झाली, तरी ‘पस्तावशील’ जागेवरच आहे. परत पाठवण्याचं कारण असं: सरकारी कार्यक्रमात स्त्री-नसबंदीसाठी वय 22 ते 49, लग्न झालेलं आणि किमान एक मूल, अशी अट आहे. नवऱ्याची सही मात्र लागत नाही. कुणी मागितली तर तसं सांग.

आज हाती असलेला चांगला उपाय म्हणजे कॉपर-टी 380 ए. दहा वर्षं चालते, बाळंतपण न झालेल्या बाईलाही बसवता येते, आणि मन बदललं तर काढता येते. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोट दुखतं. आधीच रक्त कमी असेल तर ते सांगूनच बसव. हातात तारीख लिहिलेलं कार्ड मागून घे, आणि पाळी झाल्यावर कॉपर-टीचा दोरा योनीत बोटाला लागतो का ते बघत जा. दोरा लागेनासा झाला किंवा कडक टोक टोचायला लागलं, तर दाखवून येईपर्यंत निरोध वापरा.