अमेरिका आणि रशियाची अण्वस्त्रं मर्यादित ठेवणाऱ्या न्यू स्टार्ट करारात वर्षाच्या तपासण्या २८ वरून १८ वर आल्या, तरी अमेरिकन सिनेटने करार मंजूर कसा केला?

नुसता आकडा फसवा आहे. जुन्या स्टार्ट कराराच्या सुरुवातीला तपासायची ठिकाणं सुमारे ७० होती, २०१० पर्यंत ती रशियात ३५ च्या आसपास उरली. शिवाय नव्या १८ पैकी १० तपासण्या एकाच फेरीत दोन कामं करत: तैनात क्षेपणास्त्रं मोजणं आणि निवडलेल्या एका क्षेपणास्त्रावरची अण्वस्त्रं मोजणं. पूर्वी यासाठी वेगवेगळ्या फेऱ्या लागत.

मोजणीची पद्धतही बदलली. आधी क्षेपणास्त्राच्या प्रत्येक प्रकाराला अण्वस्त्रांचा ठरावीक आकडा चिकटवलेला असे. नव्या करारात त्यावर प्रत्यक्ष किती आहेत, ते पाहत. क्षेपणास्त्राच्या टोकावरचा, अण्वस्त्रं असलेला भाग झाकलेलाच दाखवत. एखादी वस्तू अण्वस्त्र नाही असं यजमान देश म्हणाला, तर न्यूट्रॉन मोजणारं उपकरण लावून खात्री करता येई.

विरोधकांचा मुद्दा मात्र पोकळ नव्हता. सिनेटर किट बाँड म्हणत होते की एवढ्या नमुन्यावरून तैनात अण्वस्त्रांची १५५० ही एकूण मर्यादा पाळली जाते का, हे सिद्ध होत नाही. गणित म्हणून ते बरोबरच आहे. रशियातल्या व्होटकिन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्यावरची कायमची देखरेखही गेली होती. समर्थकांची कसोटी वेगळी होती: लष्करी तोल बिघडवणारी फसवणूक वेळेत कळेल का? आणि डिसेंबर २००९ मध्ये जुना करार संपल्यापासून तपासण्या शून्यावर होत्या, हे जास्त बोचणारं होतं.

२२ डिसेंबर २०१० ला ७१ विरुद्ध २६ मतांनी मंजुरी मिळाली. हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांशासाठी ६५ पुरेशी होती.