मदतनीसची सेविका झाले, पोषण ट्रॅकर जमत नाही, राजीनामा देऊ का? – माझं उत्तर

ताई, आधी तुमच्या पोस्टसोबतचा स्क्रीनशॉट काढून टाका. त्यात बाळांची नावं आणि आयांचे मोबाईल नंबर स्वच्छ वाचता येतायत. ‘अंगणवाडीतून बोलतोय, तुमचे पैसे आलेत, ओटीपी सांगा’ असे फसवे फोन गरोदर आणि स्तनदा मातांना येतात. त्या लोकांना हीच माहिती हवी असते. तो काढलात की पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की इतकी वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली, आता बढतीने सेविका झालात. मुलं, आहार, गृहभेटी सगळं जमतं, पण पोषण ट्रॅकर, म्हणजे मुलांच्या वजन-उंचीच्या आणि आहाराच्या नोंदींचं सरकारी ॲप, उघडलं की हात थांबतो. रोजच्या नोंदी संध्याकाळी लेक भरून देते आणि आता तिचं लग्न ठरलंय. बैठकीत पर्यवेक्षिका चारचौघींत बोलतात. कार्यालयातून सांगितलंय की जमत नसेल तर महिनाअखेरीला फोन नोंदी भरणाऱ्या ऑपरेटरकडे देत जा.

राजीनामा देऊ नका. आणि फोन ऑपरेटरकडे तर अजिबात देऊ नका. या दुसऱ्या गोष्टीवर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं.

आमच्या प्रकल्पात, म्हणजे तालुक्यातल्या अंगणवाड्या ज्या कार्यालयाखाली येतात तिथे (नाव घेत नाही, माणसं अजून तिथेच आहेत) एक काळ असा होता की जिल्ह्याच्या आढाव्यात आमचा तालुका मागे दिसायचा. त्यावर कार्यालयाने तोडगा काढला. बीट बैठकीच्या (एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांच्या बैठकीच्या) दिवशी सगळ्यांनी फोन आणि पासवर्ड टेबलावर ठेवायचे, आणि एक मुलगा बसून राहिलेल्या नोंदी पूर्ण करणार. आदेश तोंडी. कागदावर एक ओळ नाही. मी म्हटलं, माझ्या नोंदी झाल्यात, फक्त चार-पाच मुलांची उंची राहिलीय, ती उद्या घेते. तर उत्तर मिळालं, ‘तुमच्या एका अंगणवाडीमुळे सगळा तालुका लाल दिसतो.’ फोन घेतला. त्या मुलाने वजनं माझ्या वहीतून टाकली आणि उंचीच्या रकान्यात आधीचाच आकडा पुन्हा भरला. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं की उंचीवर काय अवलंबून असतं.

यातलं एक बाळ सांगते. पंधरा महिन्यांचा मुलगा, वजन ७.२ किलो. ॲपमध्ये त्याची लांबी ६८ सेंमी, म्हणजे आठव्या महिन्यात घेतलेली. ६८ सेंमीला ७.२ किलो हे साधारणमध्ये बसतं. मी दुसऱ्या दिवशी झोपवून मोजलं तर ७५ सेंमी भरलं. ७५ सेंमीला ७.२ किलो म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषित. बाळ तेच, काटा तोच, फक्त एक शिळा आकडा. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर तीही लाल, ११.५ सेंमीच्या आत. वयानुसार वजनाचा रकाना ॲपमध्येही लालच होता, पण आमच्याकडे ग्राम बाल विकास केंद्राची (गावातच कुपोषित मुलांना जादा आहार आणि उपचार मिळतात ते केंद्र) यादी सॅमवरून निघायची, आणि त्या यादीत या बाळाचं नाव नव्हतं.

मी कार्यालयात गेले. नोंद दुरुस्त करून द्या म्हटलं. ‘महिना बंद झाला, आता ॲपमध्ये जे आहे तेच खरं.’ बाळ समोर आणून दाखवते म्हटलं, तर ‘पुढच्या महिन्यात बघू.’ पंधरा महिन्यांच्या सॅम बाळासाठी एक महिना म्हणजे काय, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला कळत नसेल तर त्याने त्या खुर्चीवर बसूच नये, हे माझं आजही स्पष्ट मत आहे. शेवटी माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख हाताने काढला, दंडघेर लिहिला आणि थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड पाहून त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी दिली. बाळ सावरलं. आता शाळेत जातं.

आणि मला काय मिळालं? कारणे दाखवा नोटीस. ‘ॲपमधील नोंद व प्रत्यक्ष मोजमाप यात तफावत.’ नोंद माझ्या लॉगिनवरून झाली होती, म्हणजे ती माझी. ऑपरेटरचं नाव कुठेच नाही, फोन घ्यायला सांगणाऱ्यांचं तर नाहीच. ते प्रकरण मिटेपर्यंत प्रोत्साहन भत्ता अडकला, पण पैशापेक्षा जास्त लागलं ते गावात ‘ताईंनी खोटं वजन लिहिलं’ अशी कुजबुज झाली ते. म्हणून सांगते, तुमच्या लॉगिनमधल्या प्रत्येक आकड्याचा जाब तुम्हालाच विचारला जातो. मग बोटही तुमचंच असू द्या. लेकीचंही नको. ती प्रेमाने करते हे खरं, पण तिने ते मूल उचललेलं नसतं. आकडा चुकला तर तिला तो चुकलाय असं वाटणारच नाही. तुम्हाला लगेच वाटेल.

ॲप कसं घ्यायचं, लॉगिन कसं करायचं हे सांगत बसत नाही, ते तुमच्या बीटमधली कुठलीही सेविका दाखवेल. बटणं तर मुद्दामच सांगत नाही. प्रत्येक अपडेटला त्यांच्या जागा बदलतात, आणि मी आज सांगितलेलं चार महिन्यांनी चुकीचं ठरेल.

शिकायचं कसं, तर माझ्या मते उलट्या दिशेने. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे सभागृहात पडद्यावर चित्रं, शंभरेक बाया आणि मागच्या रांगेला काही दिसत नाही. त्यातून कोणी शिकलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही एका मुलापासून सुरुवात करा. मूल मोजा, कागदावर लिहा, आणि ॲपमध्ये वाढीचा रंग काय येईल, साधारण की लाल, याचा अंदाज स्वतः करा. मगच ॲपमध्ये टाका. तुमचा अंदाज आणि ॲपचा रंग जुळला नाही तर थांबा आणि तीन गोष्टी तपासा: जन्मतारीख, मुलगा-मुलगी आणि उंची. चूक बहुतेक वेळा यातच असते. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. झोपवून मोजलं की साधारण ०.७ सेंमी जास्त भरतं, तेवढ्यानेही काठावरच्या मुलाचा रंग बदलतो. तुम्ही मदतनीस असताना इतकी मुलं काट्यावर धरलीयत की हा अंदाज तुम्हाला नव्या मुलींपेक्षा चांगला येईल. बाकीचं बोटांच्या सवयीचं काम आहे, ते येतंच.

बैठकीत बोलणं ऐकून तुम्हाला वाटत असेल की आपणच अडाणी. तसं नाही. २०२१ साली ॲप आलं तेव्हा ते इंग्रजीत होतं आणि सरकारी फोन २ जीबी रॅमचे, ॲप उघडता उघडता तापायचे. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन परत केले. तेव्हाही बाहेर बोललं गेलं की बायकांना तंत्रज्ञान नको. आम्हाला चालणारा फोन आणि मराठी हवी होती, बस. ज्या बायकांनी अकरा रजिस्टरं चालवली त्यांना माहिती ठेवणं कोणी शिकवायला नको. आता ॲपमध्ये मराठी निवडता येते. तुमचं अजून इंग्रजीत असेल तर आजच बदला, निम्मी भीती तिथेच जाईल.

काही किरकोळ गोष्टी, पण कामाच्या. डोळे तपासून घ्या. मनापासून सांगते, आमच्या बीटमधल्या दोघी ‘मला ॲप येत नाही’ म्हणायच्या, त्यांना खरं तर जवळचा चष्मा लागला होता. फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवा. टायपिंगचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, तो लिहितो. गृहभेटीची टिपणं मी तशीच करते, फक्त नावं नंतर तपासते. फोन भरला की ॲप अडतं, तेव्हा व्हॉट्सॲपवरचे सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ दर आठवड्याला पुसा. आणि ॲप अडकलं म्हणून कोणी ‘काढून परत टाका’ म्हणालं तर आधी सगळ्या नोंदी वर गेल्यात का ते बघा. न गेलेल्या नोंदी ॲपबरोबर जाऊ शकतात. वही तर ठेवाच, कोणी काहीही म्हणो. मला त्या नोटिशीतून बाहेर काढलं ते तारीख घातलेल्या वहीनेच.

चेहरा पडताळणीचं तुम्ही शेवटी विचारलंय. टीएचआरसाठी, म्हणजे घरी न्यायच्या आहारासाठी, ती जुलै २०२५ पासून सक्तीची झाली आणि तेव्हापासून सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला आलाय, तुमच्या एकटीचा नाही. पहिली ई-केवायसी आधारच्या ओटीपीवर होते, आणि तो ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो. आमच्याकडे निम्म्या घरांत तो नंबर नवऱ्याचा, आणि नवरा ऊसतोडीला कारखान्यावर. मग मी काय करते, नवरा फडावरून परतण्याची वेळ त्याच्याशी आधी फोनवर ठरवून ठेवते, बाईला तेव्हाच बोलावते, आणि तिच्याच फोनवरून त्याच्याशी बोलणं करायला लावते. नंबर बंदच पडला असेल तर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्यायला सांगते. सोबत प्रत्येक आईला हेही सांगते की हा ओटीपी मी समोर बसलेली असतानाच मागेन, फोनवरून कधीच मागणार नाही. माझ्या नावाने फोन आला तरी सांगायचा नाही. हे वाक्य तुम्ही प्रत्येक घरी म्हणा.

फोटो काढताना बाईला दारात पाठमोऱ्या उजेडात उभं करू नका, उजेड तोंडावर पडू द्या आणि पदर कपाळावरून मागे घ्यायला सांगा. बरेचसे न जुळणारे चेहरे एवढ्यानेच जुळतात. तरीही नाहीच जुळला तर? इथे माझं मत ठाम आहे, प्रत्येकीला पटेल असं नाही. आहार हा त्या आईचा आणि बाळाचा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने दिलेला हक्क आहे. चेहरा जुळला नाही म्हणून बाईला रिकाम्या हाती पाठवायला माझं मन तयार होत नाही. मी अडलेल्या बायांची यादी तारखेसह लिहून पर्यवेक्षिकेला त्याच दिवशी देते आणि काय करायचं ते लेखी मागते. मी वकील नाही आणि अधिकारीही नाही. तुमच्या प्रकल्पाला काय सूचना आल्यात त्या आधी बघा, नाहीतर माझ्या भरवशावर तुम्ही अडचणीत याल.

एक गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये ओझरती आलीय, पण मला ती सगळ्यात तातडीची वाटते. तुम्ही अजून आधीच्या सेविकाबाईंच्या नंबरवरून लॉगिन करता असं दिसतंय. त्यांचं सिम बंद झालं किंवा त्या नंबरचा मालक बदलला तर तुम्ही बाहेर राहाल, आणि तोवरच्या नोंदी कोणाच्या नावावर धरायच्या हा वाद वेगळाच. उद्याच बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: बढतीच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख, जुना नंबर, तुमचा नंबर, ‘लॉगिन माझ्या नंबरवर करून मिळावे.’ दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर आवक शिक्क्यासह पोच घ्या. ‘राहू दे, सांगते करायला’ असं कोणी म्हणालं तरी पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. ऑपरेटरचा विषय निघालाच तर नम्रपणे एवढंच म्हणा की फोन द्यायचा आदेश लेखी मिळावा. तो लेखी कोणी देत नाही, निदान आमच्याकडे तरी कधी मिळाला नाही, आणि त्यानंतर माझा फोन कोणी मागितला नाही.